सायलेन्सर चोरीला गेलेल्या व्हॅनमध्ये आपली मुलं बसतात, त्याचं काय?

बुलेटचे सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडायचे, त्यावरून रोडरोलर फिरवायचा, बाजूला अधिकारी उभे, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या ग्रुपवर फोटो. महाराष्ट्रातल्या बहुतेक जिल्ह्यांत हा कार्यक्रम कधी ना कधी झालाय. माझा त्याला अजिबात विरोध नाही. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला कारखान्यातून बाहेर पडताना ८० डेसिबलची मर्यादा असते. ती धाब्यावर बसवून रात्री साडेअकराला दवाखान्यासमोरून फटाके फोडत जाणाऱ्याचा सायलेन्सर चिरडलाच पाहिजे.

पण मला आज लिहायचंय ते दुसऱ्या सायलेन्सरबद्दल. जो आवाज करत नाही. ज्याचा फोटो कुणी काढत नाही. जो आपल्या शाळेच्या व्हॅनखाली बांधकामाच्या तारेनं बांधलेला आहे.

आधी पार्श्वभूमी सांगतो, कारण पालकांपैकी बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. साधारण २०२१-२२ पासून पुणे-पिंपरीकडून एक वेगळीच चोरी कानावर यायला लागली. ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जातात. अख्खी गाडी जागेवर, टेप जागेवर, बॅटरी जागेवर, फक्त खालचा सायलेन्सर गायब. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा लोक हसायचे. सायलेन्सर नेऊन करणार काय? तर सायलेन्सरच्या त्या लांब नळकांड्यात एका ठिकाणी मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असते, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा अगदी पातळ लेप असतो. चोर ती जाळी फोडून तिची भुकटी करतात. चोरांच्या आणि पोलिसांच्या भाषेत तिला 'माती' म्हणतात. ही माती किलोवर विकली जाते, आणि ती घेणारे लोक आपल्या गावात नसतात, लांब असतात.

मोठ्या शहरातली गोष्ट सहा महिन्यांनी आपल्याकडे येतेच. ही पण आली. गाडी जमिनीपासून बऱ्यापैकी उंच, रात्री रस्त्यावर उभी, खाली आडवं शिरायला जागा, चार-पाच नट. सकाळी काकांनी चावी मारली की रणगाड्यासारखा आवाज येतो तेव्हा कळतं.

आता त्या व्हॅनवाल्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. सकाळचे साडेसहा वाजलेत. पावणेसातला पहिलं पोरगं दारात उभं राहणार. गाडीचं कर्ज चालू आहे. विमा म्हणाल तर बहुतेकांकडे फक्त थर्ड पार्टी, त्यात चोरीचा एक रुपया मिळत नाही. शोरूममध्ये विचारलं तर कन्व्हर्टरसकट ओरिजिनल सायलेन्सर म्हणजे पाच आकडी रक्कम, वर पार्ट यायला दिवस लागतात ते वेगळेच. आणि हायवेच्या कडेला ऑटो पार्ट्सच्या दुकानात तसाच दिसणारा लोकल सायलेन्सर त्याच्या पाव किमतीत मिळतो. आत जाळी नाही. पोकळ पाइप आणि मागं डबा. कुणीही तोच घेणार. मी त्या माणसाला गुन्हेगार म्हणणार नाही. त्याची चोरी झालीय, तो चोर नाहीये.

पण पुढं काय होतं ते बघायला पाहिजे. तो लोकल सायलेन्सर बसवायला गॅरेजला एक दिवस द्यायचा म्हणजे एक दिवसाची खेप बुडाली. म्हणून रविवारी घरीच, अंगणात, शेजारच्या पोराला हाताशी घेऊन बसवला जातो. मी स्वतः हे दोन-तीन ठिकाणी उभं राहून बघितलंय. एका ठिकाणी तर विचारलं,

"दादा, इंजिनाकडचा जॉइंट आधीच कशाला आवळला?"

"मग? तो पक्का नको का? मागचा डबाच तिरका बसतोय, म्हणून तारेनं ओढलाय. आवाज बंद झाला की बास."

आवाज बंद झाला की बास. सगळा घोळ या वाक्यात आहे. सायलेन्सर या नावानंच आपली फसवणूक केलीय. आपल्याला वाटतं त्याचं काम फक्त आवाज बंद करणं. खरं तर आवाज कमी करणारा भाग म्हणजे तो मागचा डबा. बाकीच्या अख्ख्या पाइपाचं काम आहे इंजिनातून निघालेला विषारी वायू गाडीत बसलेल्या माणसांपासून लांब, गाडीच्या मागं नेऊन सोडणं. आणि त्यातल्या जाळीचं काम आहे तो वायू वाटेत शक्य तितका निरुपद्रवी करणं. जाळी तापली की कार्बन मोनॉक्साइडचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग ती मारून टाकते. जाळी नसेल तर तो सगळाच्या सगळा पाइपातून वाहतो, आणि त्या पाइपाला गाडीच्या मध्यावर एखाद्या जॉइंटला फट असेल तर तो तिथूनच, म्हणजे मुलांच्या पायाखालून बाहेर पडतो.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. थोडा गेला तर डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. जास्त गेला तर माणूस उठतच नाही. बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवून झोपलेली माणसं मेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, त्या यामुळेच. व्हॅनमध्ये इतकं टोकाला जाईलच असं मी म्हणत नाही, उगाच कुणी घाबरू नका. पण सकाळी पाऊण तास आणि दुपारी पाऊण तास बंद काचांत बसलेलं सात वर्षांचं पोरगं घरी येऊन "आई, डोकं दुखतंय, उलटीसारखं होतंय" म्हणालं, तर आपण काय म्हणतो? ऊन लागलं असेल. डबा खाल्ला नसेल. गाडी लागली असेल. एकही आई "व्हॅनचा सायलेन्सर कुठला आहे?" असं विचारत नाही. विचारावं तरी कसं सुचणार?

पुन्हा लहान मुलं वजनाच्या मानानं मोठ्यांपेक्षा जास्त हवा ओढतात. आणि व्हॅनची रचना बघा. इंजिन पुढच्या सीटच्या खाली. तिथं झाकणाला रबर असतं, ते दहा वर्षांत कडक होऊन फाटतं. गिअरच्या दांड्याभोवतीचा रबरी बूट फाटलेला. वायरी काढायला फ्लोअरला पाडलेली भोकं. मागच्या दाराचं रबर गेलेलं. गाडी पळताना तिच्या मागं हवेचा पोकळा तयार होतो आणि तो धूर पुन्हा गाडीकडे ओढतो. मागचं दार नीट लागत नसेल किंवा दप्तरं मावत नाहीत म्हणून अर्धवट उघडं ठेवून दोरी बांधलेली असेल, तर मागून निघालेला धूर पण आत. पावसाळ्यात सगळ्या काचा वर. हे सगळं एकत्र करून बघा म्हणजे माझी काळजी कळेल.

आता मुद्द्याचं. घरी बसवू नका असं सांगून कुणी ऐकणार नाही हे मला माहीत आहे. आपल्याकडे ट्रॅक्टरचं इंजिन अंगणात उतरवतात, सायलेन्सर काय घेऊन बसलात. म्हणून गावातल्या दोन जुन्या मेस्त्रींकडे बसून जे समजून घेतलं ते इथं देतो. माझा डिप्लोमा पत्रकारितेतला, इंजिनाचा नाही, पण दोघांनी जे सांगितलं ते एकमेकांशी जुळलं आणि माझ्या वाचनाशीही जुळलं.

दोघांचं पहिलं म्हणणं असं की पाइप बोल्टनं ओढून जागेवर आणायचा नसतो. पाइप आधी स्वतःहून जागेवर बसला पाहिजे, बोल्ट फक्त त्याला तिथं धरून ठेवायला. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. इंजिनाकडचा फ्लँज कचकचून आवळतात, मग मागचा डबा एक-दोन इंच डावीकडे गेलेला दिसतो, मग तो तारेनं किंवा दोरीनं ओढतात. दिसायला सरळ दिसतो. पण तो सगळा ताण पुढच्या जॉइंटवर आणि वेल्डिंगवर येतो. पाइप गरम झाला की लांबतो, थंड झाला की आखडतो, इंजिन हलतं, खड्ड्यात गाडी आपटते. महिन्याभरात वेल्डिंगला केसाएवढी चीर पडते. आवाज फारसा वाढत नाही म्हणून कुणाला कळत नाही. त्या चिरेतून काय जातं ते वर सांगितलंच.

बरोबर पद्धत अशी. गाडी पूर्ण थंड. सपाट, पक्क्या जागेवर, मोकळ्यावर; शेडमध्ये नाही. चाकांना दगड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच, कधीच शिरायचं नाही. पक्के लोखंडी स्टँड लावायचे. विटा नाहीत. वीट सरळ फुटते, इशारा देत नाही. (हे वाक्य सांगताना त्यातले एक मेस्त्री क्षणभर गप्प झाले. मी पुढं विचारलं नाही.)

मग जुनी पॅकिंग काढून फ्लँजचं तोंड घासून साफ करायचं. पॅकिंग नवी घ्यायची. जुनी पॅकिंग एकदा दाबली गेलेली असते, ती दुसऱ्यांदा तशी बसत नाही, आणि पन्नास-शंभर रुपये वाचवायची ही जागा नाही. लटकवायचे रबर पण नवे. जुने रबर ओढून लांब झालेले असतात, आणि मग डबा एका बाजूला का झुकतो म्हणून आपण पाइप वाकवत बसतो. निम्म्या वेळा पाइप सरळच असतो, रबर गेलेलं असतं.

पुढून सुरुवात करायची, पण सगळे नट फक्त हातानं. अख्खी लाइन रबरांवर लटकू द्यायची. जिथं पाइपात पाइप जातो तिथं निदान दीड-दोन इंच आत गेला पाहिजे. आणि इंजिनाकडून येणारा पाइप आत, मागचा पाइप त्याच्यावर, म्हणजे वायूच्या वाहण्याच्या दिशेनं. उलटं केलं तर वायू सरळ फटीवर आपटतो. मग खाली पडून टॉर्चनं बघायचं: प्रोपेलर शाफ्टपासून लांब आहे का, ब्रेकच्या पाइपापासून, हँडब्रेकच्या केबलपासून, आणि सगळ्यात महत्त्वाचं, पेट्रोलच्या किंवा सीएनजीच्या नळीपासून. केंद्रीय मोटार वाहन नियमांत इंधनाच्या नळीपासून एक्झॉस्ट पाइप ३५ मिलिमीटरच्या आत असता कामा नये असं आहे. ३५ मिलिमीटर म्हणजे दोन बोटांची रुंदी. तेवढं तर असलंच पाहिजे, जास्त असेल तर चांगलंच. आपल्याकडच्या बऱ्याच व्हॅन सीएनजीवर आहेत हे लक्षात घ्या.

एक गोष्ट बऱ्याच फिटरांच्याही डोक्यात येत नाही. गाडी बॉडीला स्टँड लावून उचलली की मागचा अ‍ॅक्सल खाली लोंबतो. तेव्हा पाइप आणि अ‍ॅक्सलमध्ये भरपूर जागा दिसते. गाडी खाली उतरवली, आत बारा पोरं आणि बारा दप्तरं बसली, समोर आपला नेहमीचा खड्डा आला की अ‍ॅक्सल वर येतो आणि पाइपाला धडक देतो. म्हणून शेवटचं माप चाकांवर वजन असतानाच घ्यायचं. खड्ड्यावर किंवा सर्व्हिसिंगच्या रॅम्पवर गाडी चाकांवर उभी राहते, तिथं हे सोपं. घरी असेल तर गाडी उतरवायची, मागं दोन माणसं बसवायची आणि बाहेरून टॉर्च मारायची. त्या वेळी गाडीखाली शिरायचं नाही.

सगळं जागेवर आलं की मग आवळायचं, पुढून मागं, आणि एका फ्लँजचे नट आळीपाळीनं थोडे थोडे. एक नट पूर्ण आवळून मग दुसरा घेतला की फ्लँज तिरका बसलाच म्हणून समजा. मग मोकळ्यावर गाडी चालू करायची. एकानं जाड ओला कपडा घडी करून मागच्या तोंडावर क्षणभर, अर्धवट धरायचा, हात पाइपाला न लावता. दुसऱ्यानं बाजूनं ऐकायचं. फुस्स आवाज आला तिथं गळती. इंजिन थंड असताना, पहिल्या अर्ध्या मिनिटात, जॉइंटवर साबणाचं पाणी टाकलं तर बुडबुडे दिसतात. आणि दीडशे-दोनशे किलोमीटरनंतर थंड गाडीचे नट परत एकदा बघायचे, कारण पहिल्या गरम-थंड होण्यात ते सैल पडतात. तेव्हा जॉइंटच्या बाजूला काळी काजळी दिसली तर तिथून वायू जातोय. हा कागद न वाचताही कळणारा पुरावा.

मागचं तोंड बॉडीच्या बाहेर आलं पाहिजे. आत, बंपरखाली संपता कामा नये. आणि डावीकडे तर अजिबात नाही. चारचाकीचा धूर खाली किंवा डावीकडे सोडायचा नाही, उजवीकडे किंवा मागं सोडायचा, हेही नियमातच आहे. का? कारण डावीकडे फूटपाथ असतो, डावीकडे माणसं उभी असतात, आणि व्हॅनच्या बाबतीत डावीकडूनच मुलं चढतात. लोकल डबा बसत नाही म्हणून वेल्डरनं बेंड मारून पाइप डाव्या चाकामागं काढलेल्या गाड्या मी आपल्याच बाजारपेठेत बघितल्यात. पोरांच्या तोंडाच्या उंचीवर नाही, पण गुडघ्याच्या उंचीवर तर नक्की.

सेन्सरचं राहिलं. पाइपात ऑक्सिजन सेन्सर असतात. पुढच्या सेन्सरच्या आधी फट असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. म्हणजे मायलेज गेलं आणि कार्बन मोनॉक्साइड वाढला. ज्या दादांनी सायलेन्सरवर पैसे वाचवले ते पंपावर भरतात. आणि लोकल पाइपाला मागच्या सेन्सरची जागाच नसेल तर तो सेन्सर तारेनं बांधून लोंबकळत ठेवतात, डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, आणि त्या दिव्यावर काळी पट्टी चिकटवतात. तुमच्या मुलाच्या व्हॅनचा डॅशबोर्ड एकदा बघा. पट्टी दिसली तर विचारा.

एवढं सगळं नीट करूनही एक गोष्ट राहतेच. जाळी नसलेला सायलेन्सर कितीही सुबक बसवला तरी तो बीएस-६ गाडीचा सायलेन्सर नव्हे. गळती थांबेल, धूर मागं जाईल, पण तो धूर मागच्या स्कूटीवरच्या बाईच्या तोंडात जाईल. गळती बंद करणं ही आजची सोय आहे. ओरिजिनल बसवणं हा उपाय. या दोन्हींत मी गल्लत करत नाहीये आणि तुम्हीही करू नका.

मग यंत्रणा काय करते?

पीयूसी आहे ना, असं कुणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच, म्हणून आधीच सांगतो. पीयूसीची नळी मागच्या तोंडात घालतात. मागून काय बाहेर पडतंय एवढंच ती मोजते. मध्ये मुलांच्या पायाखाली काय गळतंय ते मोजायचं यंत्र पीयूसी केंद्रात नाही. शिवाय बीएस-४ आणि बीएस-६ गाडीचं पीयूसी वर्षभर चालतं. मे महिन्यात पीयूसी काढली, जूनमध्ये सायलेन्सर चोरीला गेला, तर पुढच्या मेपर्यंत कागद ठणठणीत. जाळी काढलेली पेट्रोल गाडी पीयूसीत नापास व्हायला पाहिजे. तरी अशा गाड्यांकडे कागद आहेत. तो कसा मिळतो हे आपण सगळे जाणतो, मी इथं कुणाचं नाव घेत नाही.

फिटनेस? व्यावसायिक गाडीला आठ वर्षं होईपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. मधल्या काळात कोण बघणार?

कायदा बघायला गेलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचं कलम १८२-अ आहे. नियमात न बसणारा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं पाच हजार दंड, किंवा दोन्ही. म्हणजे चोरी झालेल्या माणसाच्या मागं कायदा तयार उभा आहे. विकणाऱ्यासाठी पण पोटकलम आहे, एक वर्ष किंवा प्रत्येक भागामागं एक लाख, पण ते फक्त केंद्रानं 'महत्त्वाचा सुरक्षा भाग' म्हणून अधिसूचित केलेल्या भागांपुरतं. माझं म्हणणं असं की शाळेच्या गाडीखालचा कन्व्हर्टर सुरक्षा भाग नाही तर काय आहे? आपल्या खासदारांनी एखादा प्रश्न यावर विचारला तर बिघडणार नाही. उद्घाटनं होतच राहतील.

आणि चोरीची तक्रार. व्हॅनवाले सांगतात की ठाण्यात "जुना सायलेन्सर ना, किती किंमत धरायची, हजार-दोन हजार?" असं विचारून अदखलपात्र नोंद करून पाठवतात. इथं एक बारीक गोष्ट आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) मध्ये पाच हजारांपेक्षा कमी किमतीच्या चोरीला वेगळी, सौम्य वागणूक आहे. म्हणून किंमत महत्त्वाची. तक्रार द्यायला जाताना शोरूममधून ओरिजिनल सायलेन्सरचं छापील कोटेशन घेऊन जा आणि अर्जाला जोडा. पाच आकडी किंमत कागदावर दिसली की अदखलपात्र म्हणून बोळवण करणं अवघड जातं. आणि पोलिसांना विनंती अशी की चोरट्या पोरांना पकडून थांबू नका. चोरीचा माल घेणाऱ्यासाठी कलम ३१७ आहे. माती घेणारा सापडत नाही तोवर नवी पोरं तयार होत राहणार.

काही मित्र म्हणतील, तू व्हॅनवाल्यांच्या पोटावर पाय देतोयस. उलट आहे. मला भीती ही आहे की उद्या कुठंतरी काही झालं की सगळ्या व्हॅन एका रात्रीत बंद करा असा फतवा निघेल. छोट्या व्हॅननी शाळेची मुलं न्यावीत की नाही यावर मुंबई उच्च न्यायालयापर्यंत वाद झालेत. खेड्यावरून तालुक्याला येणाऱ्या मुलांना एसटीची वेळ जुळत नाही, शाळेची बस गावात येत नाही. व्हॅन बंद म्हणजे आधी मुलींची शाळा बंद, हे आपल्याकडचं गणित आहे. म्हणून व्हॅन चालू राहिल्या पाहिजेत आणि त्यांच्या खालचा पाइपही धड पाहिजे.

खर्च कुणी करायचा? सगळा व्हॅनवाल्यानं नाही. आपण पालक महिन्याचे पन्नास रुपये वाढवायला सांगितले की ग्रुपवर दोन दिवस भांडतो. वीस मुलांच्या पालकांनी एकदाच थोडे थोडे पैसे घातले तर ओरिजिनल सायलेन्सरचा मोठा भाग निघतो, आणि राहिलेला दादा हप्त्यानं भरतील. बरोबर सायलेन्सरला लोखंडी जाळीचा पिंजरा किंवा पट्टी वेल्डिंग करून घ्या, म्हणजे चोराला वेळ लागतो. ते आपल्याकडचा कुठलाही वेल्डर करून देतो. फक्त वेल्डिंग इंधनाच्या नळीजवळ नको आणि बॅटरीची वायर काढून.

शाळांना पण सांगायचंय. राज्याच्या २०११ च्या स्कूल बस नियमांत प्रत्येक शाळेत परिवहन समिती सांगितली आहे. मुख्याध्यापक अध्यक्ष, पालक प्रतिनिधी, आरटीओचा निरीक्षक, पोलीस, सगळे त्यात. आपल्या तालुक्यातल्या किती शाळांत तिची खरी बैठक होते ते मी माहितीच्या अधिकारात विचारलंय, उत्तर आलं की इथंच टाकीन. दरम्यान समितीनं एवढंच करावं: प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला प्रत्येक गाडी रॅम्पवर चढवून खालून बघावी, आणि बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा एक मीटर विकत घ्यावा. काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून, गाडीत माणूस न बसवता दहा मिनिटं मीटर आत ठेवायचा. स्नेहसंमेलनाच्या मंडपाच्या खर्चापुढं त्याची किंमत काहीच नाही.

आणि पालकांनो, तुमच्या मुलाला व्हॅनमधून उतरल्यावर डोकं दुखतं आणि सुट्टीच्या दिवशी दुखत नाही, असं चार-पाचदा झालं असेल तर डॉक्टरांना हे व्हॅनचं आवर्जून सांगा. त्यांनाही विचारल्याशिवाय कळणार नाही.

शेवटचं. येत्या रविवारी सकाळी ८ ते १२ बाजार पटांगणाशेजारच्या सर्व्हिसिंग रॅम्पवर ते दोन्ही मेस्त्री थांबणार आहेत. शाळेच्या व्हॅनची खालची लाइन फुकट बघून देतील. पॅकिंग आणि रबराचे पैसे ज्याचे त्यानं. गाडी रिकामी आणा आणि शक्यतो थंड आणा, घरून थेट. कुणाच्या नंबर प्लेटचा फोटो काढला जाणार नाही, आरटीओचा कुणी माणूस तिथं नसेल, हे माझ्याकडून नक्की. पालकांनी आपापल्या व्हॅनवाल्या काकांना ही पोस्ट पाठवा. ज्यांच्याकडे फेसबुक नाही त्यांना फोन करून सांगा, नाहीतर उद्या सकाळी पोराला सोडायला दारात जाल तेव्हा सांगा.